मोफत गोळीची किंमत

पुणे जिल्ह्यात ‘येरवडा’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. चळवळीतील जुन्या कार्यकर्त्याला पहिला चटकन आठवतो: बेचाळीसला आणि पुन्हा पंचाहत्तरला ज्याच्या दाराआड अनेकांची उमेदीची वर्षे गेली तो तुरुंग. दुसरा अर्थ बाजारातल्या थट्टेत वावरतो. कोणी जरा चमत्कारिक बोलला की ‘ह्याला येरवड्याला नेऊन टाका’ असे सहज म्हटले जाते. दोन्ही अर्थांत एक साम्य आहे. भिंत उंच आहे, आणि माणूस एकदा आत गेला की घराच्या हिशेबातून तो वजा होतो. येरवड्याचे मनोरुग्णालय १९१५ सालचे, त्यात २,५४० खाटांची सोय. ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील रुग्णालये धरून राज्यात अशा खाटा सुमारे ५,७००. मनाच्या आजाराचा विषय निघाला की सामान्य माणसाच्या, आणि खरे सांगायचे तर कार्यकर्त्याच्याही, डोळ्यांपुढे ह्या खाटाच उभ्या राहतात.

वस्तुतः ज्यांना मनाचा आजार आहे अशा प्रौढ स्त्रीपुरुषांपैकी फार मोठ्या संख्येला खाटेची गरज कधीच लागत नाही. खिन्नतेचा आजार, सततची धास्ती, दारूचे व्यसन, एवढेच काय पण छिन्नमनस्कतेसारखा भारी आजार घेऊनही माणूस आपल्या घरी राहून, शेतावर किंवा कारखान्यात कामाला जाऊन, महिन्या दोन महिन्यांनी डॉक्टरांना भेटून बरा राहू शकतो. मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा रोगी राहतो तसाच. त्याला हवे असते ते जवळचे, नियमित उघडे असणारे आणि परवडणारे बाह्यरुग्ण उपचाराचे ठिकाण. बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांच्या संदर्भात हा प्रश्न तपासून पाहण्यासारखा आहे. हे तालुके राज्यातले मागासलेले तालुके म्हणून कोणी ओळखत नाही. बारामतीने राज्याला मुख्यमंत्री दिला, उपमुख्यमंत्री दिला, दिल्लीला केंद्रीय मंत्री दिला. नीरेचा डावा कालवा शंभर वर्षांहून अधिक काळ वाहतो आहे, सहकारी साखर कारखाने उभे आहेत, औद्योगिक वसाहत आहे, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा येथे जे जमत नाही ते पालघरला किंवा गडचिरोलीला जमेल अशी आशा कशाच्या बळावर धरायची?

खाटेवरून खिडकीकडे येण्याचा इतिहास फार जुना नाही. १९५२ साली क्लोरप्रोमाझिन आले, १९५७ साली खिन्नतेवरचे इमिप्रामिन आले आणि साखळदंडाऐवजी गोळी देता येऊ लागली. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर ह्यांनी रोग्यांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावले. कुटुंब बरोबर असले की रोगी लवकर बरा होऊन घरी जातो हे त्यांनी परदेशी पुस्तकाची वाट न पाहता दाखवून दिले. १९७५ च्या सुमारास हरियाणातील रायपूर राणी आणि बंगळूरजवळील सकलवारा येथे खेड्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनाच हे काम शिकविण्याचे प्रयोग झाले. त्यांतून १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात तो जिल्ह्याच्या पातळीवर करून पाहण्यात आला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशभर पसरू लागला. म्हणजे विचार स्पष्ट होता, प्रयोग झालेले होते, कागदावर योजना होती.

इटलीचे उदाहरण समाजवाद्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. फ्रँको बसाग्लिया ह्या डॉक्टराने त्रिएस्ते शहरातले मनोरुग्णालय उघडायला सुरुवात केली, तेव्हा १९७३ साली तेथील रोग्यांनी आणि कलावंतांनी मिळून एक प्रचंड निळा घोडा बनविला. तो दारातून मावेना, म्हणून दार फोडावे लागले, आणि घोड्यामागून रोगी मिरवणुकीने गावात आले. १३ मे १९७८ च्या कायद्याने इटलीने नवे मनोरुग्णालय उभारण्यासच बंदी घातली. परंतु त्रिएस्तेत भिंत पाडण्याबरोबरच वस्त्यावस्त्यांतून चोवीस तास उघडी असणारी केंद्रे उभी राहिली, हे ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेने १९६३ च्या कायद्यानंतर इस्पितळे रिकामी केली; केंद्रे मात्र ठरल्याप्रमाणे बांधलीच नाहीत. परिणामी कित्येक रोगी फुटपाथवर आणि तुरुंगात जाऊन पोहोचले. भिंत पाडणे स्वस्त असते. खिडकी चालविणे खर्चाचे असते.

आता खिडकीवर काय काय मिळायला हवे ते पाहू, कारण ‘मानसोपचार’ म्हणजे झोपेची गोळी असा एक भ्रम सुशिक्षितांतही आढळतो. पहिली गोष्ट मनोविकारतज्ज्ञाची तपासणी आणि औषध. दुसरी गोष्ट बोलण्यातून होणारा उपचार. शिकलेली व्यक्ती ठरावीक बैठकांत रोग्याच्या विचारांच्या व वागण्याच्या सवयी त्याच्याबरोबर तपासते, आणि सौम्य वा मध्यम खिन्नतेत ह्या उपचाराचा गुण औषधाच्या तोडीचा असतो. तिसरी, व्यसनमुक्तीसाठी पाठपुरावा आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारखे सहव्यसनींचे गट. चौथी, भारी आजारातून सावरलेल्यांसाठी दिवसभराची केंद्रे, जेथे माणूस सकाळी येऊन काही काम शिकतो आणि संध्याकाळी घरी जातो. आणि पाचवी, जिची आठवण सर्वांत शेवटी होते, ती घरच्यांची शिकवणूक. पुण्यात १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी ह्यांच्या पुढाकाराने सुरू झालेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि त्याआधी १९८६ साली अनिता व अनिल अवचट ह्यांनी सुरू केलेले मुक्तांगण, ह्या दोन संस्थांनी हे काम किती मोलाचे आहे ते दाखविले आहे. मात्र दोन्ही पुण्यात आहेत.

आणि येथेच अर्थशास्त्राला हात घालावा लागतो. बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरहून सुमारे एकशे चाळीस. शासकीय रुग्णालयात औषध मोफत मिळते असे गृहीत धरू. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरची शेतमजूर स्त्री महिन्यातून एकदा पुण्याला जाते. एकटी जाऊ शकत नाही म्हणून नवरा किंवा भाऊ बरोबर. पहाटे निघून रात्री परत. दोघांचा एक दिवस बुडतो. रोजगार हमीच्या कामाची महाराष्ट्रातली २०२४-२५ सालची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. तोच दर धरला तर एका खेपेस ५९४ रुपये आणि बारा महिन्यांच्या बारा खेपांस ७,१२८ रुपये केवळ बुडालेल्या मजुरीचे. एस.टी.चे भाडे निराळे, जरी मार्च २०२३ पासून स्त्रियांना ते अर्धे झाले असले तरी. जेवण निराळे, आणि बाहेरच्या दुकानातून आणायला सांगितलेली एखादी गोळी निराळी. मोफत गोळीची ही किंमत आहे: चोवीस दिवसांची मजुरी. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात कुटुंबांचा उपचार आणि प्रवास ह्यांवरचा खर्च महिन्याला हजार ते दीड हजार रुपये आढळला होता, तेव्हा हा हिशेब फुगविलेला नाही हे उघड आहे.

ह्यात औषधाच्या स्वभावाची भर पडते. खिन्नतेवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्या काळात तोंडाला कोरड, मळमळ, सुस्ती हे त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होऊ शकतात. गुण आल्यावरही सहा महिने वा अधिक काळ गोळी चालू ठेवावी लागते, नाही तर आजार उलटतो. म्हणजे ज्या मजूर स्त्रीने पहिल्या खेपेला सहाशे रुपये घालविले, तिच्या पदरी पहिल्या पंधरवड्यात फक्त त्रास येतो. दुसऱ्या खेपेला ती का जाईल? आणि बरे वाटू लागल्यावर तरी सहा महिने का जाईल? डॉक्टर लिहितात, ‘रोग्याने उपचार अर्धवट सोडला.’ शेतकऱ्याने पीक अर्धे वाढवून सोडले तर आपण पाणी संपले का, कर्ज मिळाले नाही का, असे विचारतो. येथे मात्र दोष थेट रोग्याच्या माथी.

सर्वेक्षणाचे दुसरे आकडे असे की कोणत्याही एका वेळी प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना मनाचा काही ना काही आजार असतो आणि आजाराच्या प्रकारानुसार त्यांतल्या ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत उपचार पोहोचत नाही. सर्वेक्षण झाले त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून पुढचे गणित ढोबळ समजावे. २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या आठ लाखांवर होती. त्यांत दोन तृतीयांश प्रौढ धरले तर आजारी प्रौढांची संख्या पन्नास हजारांच्या पुढे जाते. समजा, एखाद्या उपजिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस बसले आणि त्यांनी दिवसाला साठ रोगी तपासले (साठ रोगी म्हणजे प्रत्येकाला पाच-सहा मिनिटे). वर्षाला ३,१२० भेटी झाल्या. प्रत्येक रोग्याला महिन्याला एक भेट लागत असेल तर ही खिडकी केवळ २६० रोग्यांना पुरते. पन्नास हजार आणि दोनशे साठ! ‘आमच्याकडे मानसोपचाराची ओपीडी सुरू झाली’ अशी बातमी वाचल्यावर कार्यकर्त्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

म्हणून तज्ज्ञाची संख्या वाढविणे जरुरीचे असले तरी सगळा भार तज्ज्ञावर टाकून भागणार नाही. निदान आणि पहिली मात्रा तज्ज्ञाने ठरवावी. पुढच्या भेटी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टराने घ्याव्यात. छिन्नमनस्कतेचे दोन ते चार आठवड्यांनी द्यावयाचे इंजेक्शन तेथल्या परिचारिकेने द्यावे. आणि कोण आले नाही हे आशाताईने घरी जाऊन पाहावे. हे स्वप्नरंजन नव्हे. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत ‘विश्राम’ हा प्रकल्प असाच गावातल्या शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांच्या आधारे चालला. अठरा महिन्यांत खिन्नतेच्या आजारावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सहापट वाढ, आणि ती नव्या इमारतीवाचून.

परंतु आशाताईच्या नावाने सर्व कामे लिहून मोकळे होण्याची शासनाची सवय जुनी आहे. आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या कामात मानसिक आजारांचा समावेश झालेला आहे, आशांनी भरावयाच्या तपासणी-पत्रकात मनःस्थितीविषयीचे प्रश्न आहेत. ह्या स्त्रीला कायद्याने कामगार म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. वेतन देत नाहीत, मोबदला देतात. २०२१, २०२३ आणि २०२४ साली महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले ते ह्याचसाठी. दुसऱ्याच्या मनाचा भार ऐकून घेणे हे कष्टाचे काम आहे. कौशल्याचे तर आहेच. त्याची मजुरी न देता ते करवून घेणे हेही शोषणच, मग त्याला कितीही गोड नाव द्या.

पैसा कोठे जातो हेही पाहिले पाहिजे. केंद्राच्या आरोग्य अंदाजपत्रकात मानसिक आरोग्याचा वाटा ढोबळ मानाने एक टक्का असतो, आणि त्यातलाही सिंहाचा वाटा बंगळूरच्या एका संस्थेकडे जातो. ती संस्था उत्तम आहे ह्यात शंका नाही, पण ती इंदापूरला नाही. राज्यातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची २०१८ ची आयुष्मान भारत योजना ह्या दोन्ही मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याचे बिल भरतात. जो दाखल होत नाही, जो महिन्याला येऊन गोळी घेऊन जातो, त्याच्यासाठी ह्या योजनांच्या तिजोरीला जवळजवळ दारच नाही. पैसा खाटेच्या मागे धावतो. त्यामुळे रोग वाढून माणूस दाखल करण्याच्या अवस्थेला येईपर्यंत शासन हातावर हात ठेवून असते, आणि नंतर दसपट खर्च करते. ‘सर्वांसाठी विमा’ ह्या घोषणेने भारावून जाणाऱ्यांनी हा मुद्दा नजरेआड करू नये.

कायदा मात्र आज रोग्याच्या बाजूचा आहे, आणि ह्याची माहिती फार थोड्या कार्यकर्त्यांना आहे. १९१२ चा कायदा रोग्याला ‘वेडा’ म्हणून बंदिस्त करण्याचा होता. १९८७ चा कायदाही दाखल करण्याच्या कार्यपद्धतीभोवतीच फिरत राहिला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ साली अंमलात आला आणि त्याच्या अठराव्या कलमाने उपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क ठरविला. त्यात बाह्यरुग्ण सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक शासकीय रुग्णालयात सर्वकाळ मोफत मिळाली पाहिजेत, आणि किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसेल तर जिल्ह्यातील अन्य ठिकाणच्या उपचाराचा खर्च शासनाने सोसला पाहिजे, असे तो म्हणतो. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखालील माणूस मानावे, त्याला उपचार द्यावेत, हेही त्यात आले. पुढे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून जुने ३०९ कलमच गळाले. आणखी एक कलम आहे, एकतिसावे. लोकसंख्येच्या प्रमाणात मनोविकारतज्ज्ञ व इतर कर्मचारी दहा वर्षांत आंतरराष्ट्रीय प्रमाणाइतके करण्याचा प्रयत्न शासनाने करावा असे ते सांगते. ती दहा वर्षे २०२८ साली पुरी होतात.

इंदापूर-बारामतीच्या बाबतीत एका वर्गाचा वेगळा विचार करावा लागेल. दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगरकडून ऊसतोड्यांच्या टोळ्या येतात आणि सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या परिसरात फडाकडेला कोपी घालून वसंतापर्यंत राहतात. नवराबायको मिळून एक कोयता. अंगावर मुकादमाची उचल, आणि एक दिवस कामाला गेले नाही तर खाडा. ह्या माणसांचा जन्म एका जिल्ह्यात, सहा महिन्यांची वस्ती दुसऱ्या जिल्ह्यात. गावी सुरू झालेला उपचार फडावर तुटतो आणि फडावर सुरू झाला तर परतीच्या वाटेवर तुटतो. रेशनकार्ड आता दुसऱ्या जिल्ह्यात चालते. गोळीची चिठ्ठी चालत नाही. आजारी बाईने दवाखान्यासाठी एक दिवस मागितला तर तिच्याबरोबर नवऱ्याचाही खाडा पडतो, कारण अर्धा कोयता फडात चालत नाही. अशा वेळी दुखणे ‘अंगावर काढले’ जाते. दारू त्या काढण्याला हातभार लावते. तिची विक्री मात्र फडापर्यंत येऊन पोहोचलेली असते, डॉक्टर पोहोचो न पोहोचो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. महाराष्ट्र २२,७४६ च्या आकड्याने पहिला. देशातील ह्या मृत्यूंत रोजंदारीवर जगणाऱ्यांचा वाटा एक चतुर्थांशाहून अधिक होता. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर सभागृहात निदान चर्चा होते. रोजंदारीवाल्याच्या मृत्यूला सरकारी मदतीचा अर्जही नसतो.

अर्थात सगळे दुःख म्हणजे आजार नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उचल फिटत नाही म्हणून झोप न लागणाऱ्या माणसाला झोपेची गोळी देऊन उचल फिटत नाही. उजनीच्या पाण्याखाली गाव गेलेल्या पिढीची उदासी गोळीने पुसायची नसते. डाव्या चळवळीत ह्या युक्तिवादाला मोठा मान आहे, आणि तो खोटा नाही. परंतु त्याचा एक दुरुपयोगही झाला आहे. व्यवस्था बदलली की मन आपोआप बरे होईल, ह्या समजुतीपायी आजारी माणसाला क्रांतीची वाट पाहायला लावले गेले. क्षयरोग दारिद्र्याने पसरतो म्हणून क्षयरोग्याला औषध नाकारावे असे कोणी म्हणत नाही. गोळीही हवी, उचलही फिटायला हवी.

ह्या संदर्भात एक अवघड आठवण टाळता येत नाही. ११ जून १९५० रोजी सानेगुरुजींनी स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपविले. चळवळीने त्या मृत्यूचा अर्थ पंच्याहत्तर वर्षे लावला: देशाची दशा, माणसांचा क्षुद्रपणा, कोवळ्या मनाला न सोसलेले जग. मृत माणसाच्या आजाराचे निदान कोणी करू नये, आणि १९५० साली खिन्नतेवरचे औषध जगात कोठेच नव्हते. तरीही इतके म्हणता येईल की इतक्या माणसांत वावरणाऱ्या माणसाला आपले दुखणे दुखणे म्हणून कोणापुढे ठेवता आले असेल काय, हा प्रश्न त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी फारसा विचारला नाही. आजही पक्षाच्या कचेरीत एखादा कार्यकर्ता येईनासा झाला, गप्प झाला, पिऊ लागला, तर त्याचे काय वैचारिक मतभेद आहेत ह्याचीच चर्चा होते.

देवऋषाकडे जाणाऱ्यांना हसणे सोपे आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ह्याविरुद्ध जो लढा दिला, ज्यातून २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याचे मोल मोठे आहे. रोग्याला साखळीने बांधणे, चटके देणे ह्याला क्षमा नाही. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी झोपड्यांना आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले रोगी जागीच जळाले, अठ्ठावीस माणसे गेली. परंतु लोक देवऋषाकडे का जातात हे अर्थशास्त्राच्या चष्म्यातून पाहिले तर काही शिकता येते. तो गावात असतो. अमावास्येला नक्की भेटतो. घरच्या सर्वांना बसवून घेतो, तासभर ऐकतो, आणि दोष रोग्याला न देता करणीला देतो. शासकीय खिडकीने ह्यांपैकी पहिल्या तीन गोष्टी उचलल्या तरी पुष्कळ. समितीने स्वतः ‘मानसमित्र’ तयार केले ते हे ओळखूनच. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ ह्या नावाने दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसविण्याचा प्रयोग झाला, तोही अभ्यासण्याजोगा आहे.

दोन सूचना येथे करण्यासारख्या आहेत. पहिली वैद्यकीय महाविद्यालयाविषयी. अशा महाविद्यालयाला मनोविकारशास्त्राचा विभाग ठेवावाच लागतो. बारामतीच्या ह्या विभागाची जबाबदारी शहरापुरती न राहता सुपे, मोरगावच्या जिरायती पट्ट्यापर्यंत आणि पन्नास किलोमीटरवरच्या इंदापूरपर्यंत गेली पाहिजे. ठरावीक वारी, ठरावीक ठिकाणी, न चुकता. आणि ती खिडकी सामान्य दवाखान्यातच असावी, तिच्यावर वेगळी पाटी नको. विवाह कायद्यात मनोविकृती हे घटस्फोटाचे कारण असताना सासरी नांदणारी बाई ‘मनोविकार विभाग’ ह्या पाटीखाली रांगेत उभी राहणार नाही. दहा ऑक्टोबर २०२२ पासून आलेली, १४४१६ ह्या क्रमांकाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा अशा बाईला उपयोगी आहे, आणि हा क्रमांक प्रत्येक शाखेच्या फलकावर लिहिलेला असावा. पण फोनवरून इंजेक्शन देता येत नाही.

दुसरी सूचना सहकारी कारखान्यांविषयी. एखाद्या कारखान्याने हंगामात दहा लाख टन ऊस गाळला आणि टनामागे केवळ एक रुपया बाजूला काढला तर दहा लाख रुपये होतात. महिन्याला चाळीस हजार मानधन धरले तर त्यात दोन मनोसामाजिक कार्यकर्ते वर्षभर ठेवता येतात, जे हंगामात फडोफडी हिंडतील आणि एरवी सभासदांच्या गावी. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये घेण्याचे राज्याने ठरविलेच आहे. त्यातला काही भाग ह्या कामाला लावा अशी मागणी त्या महामंडळापुढेही नेता येईल. सभासद असलेल्या कार्यकर्त्यांनी येत्या वार्षिक सभेत हा ठराव लेखी द्यावा. अध्यक्षमहाशय ‘विचार करू’ म्हणतील. तेव्हा उपाहारगृहावर आणि जाहिरातीवर टनामागे किती खर्च झाला, हे ताळेबंदातून वाचून दाखवावे.

तोपर्यंत दोन्ही तालुक्यांतील शाखांना एक काम लगेच करता येईल. बारामतीच्या आणि इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयांत, तसेच प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दोघा कार्यकर्त्यांनी जावे आणि खिडकीवर शांतपणे विचारावे: मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात? गेल्या तीन महिन्यांत किती वार चुकले? आवश्यक यादीतील कोणत्या गोळ्या आज शिल्लक आहेत, आणि कोणत्या बाहेरून आणायला सांगितल्या जातात? एका वेळी किती दिवसांची गोळी देतात? लिथियम घेणाऱ्याच्या रक्ताची तपासणी येथे होते की पुण्याला पाठवितात? परगावच्या ऊसतोड्याला परत जाताना पुढच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी मिळते का? उत्तरे वहीत तारखेसह उतरवून घ्यावीत, उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्याशी भांडू नये, कारण बहुधा त्याच्याही दोन जागा रिकाम्या असतात. दर महिन्याच्या त्याच तारखेला पुन्हा जावे. सहा महिन्यांच्या नोंदी जमल्या की अठराव्या कलमाचा हवाला देऊन त्यांची एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि एक राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे पोचती करून पोच घ्यावी.